शाळा उघडण्याआधीचे दोन दिवस : स्कूलबसच्या काका-मावशींचं प्रशिक्षण कसं घ्यावं

गेली अकरा वर्षं आमच्या शाळेच्या परिवहन समितीचं काम मी बघतो. पहिल्या वर्षीचं प्रशिक्षण चारचौघांसारखंच झालं. शाळेचा हॉल, पडद्यावर चित्रं, पाहुण्यांचं भाषण, चहा-समोसा, सह्या. बावीस काका आणि एकोणीस मावशी दोन तास शांत बसून होते. जुलैत त्यातल्याच एका गाडीचं पुढचं चाक पहिलीतल्या मुलीच्या दप्तरावरून गेलं. स्टॉपवर उतरल्यावर बुटाची लेस सुटली म्हणून ती बसच्या तोंडाशीच खाली वाकली होती. मावशी किंचाळल्या, पोरगी मागे सरकली, दप्तर तिथंच राहिलं. आतला स्टीलचा डबा पोळीसारखा चपटा झाला. तिच्या आईवडिलांना विचारून तो डबा मी ठेवून घेतला. दर वर्षी शिबिराच्या सुरुवातीला तो टेबलावर असतो.

गाडी त्या वेळी वेगात नव्हती, जागची हलत होती. काकांची चूक म्हणावी तर त्यांना ती दिसलीच नव्हती, आणि कुठे दिसत नाही हे आम्ही त्यांना कधी दाखवलंच नव्हतं. तेव्हापासून आमचं सगळं प्रशिक्षण बसभोवतीच्या दहा फुटांवर आलं, आणि हॉलमधून मैदानावर. ते कसं घेतो, हे इथं क्रमानं लिहितोय. दोन बस असलेल्या शाळेलाही ते जमेल.

तारीख आणि पैसे

राज्यातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. शिबिर त्याच्या आठ-दहा दिवस आधी धरा. मे महिन्यात ठेवू नका. गाड्या उभ्या राहिल्या की काका गावाला जातात, नाहीतर लग्नाच्या गाड्यांवर असतात. शाळा सुरू झाल्यावर ठेवलं, तर दोन ट्रिपांच्या मधला तासभर हाती लागतो आणि निम्मे जण त्या वेळी एखाद्या कंपनीच्या शिफ्टला गाडी घेऊन गेलेले असतात.

पैशांचं आधीच बोला. बऱ्याच ठिकाणी काका-मावशींना सुट्टीतला पगार नसतो किंवा अर्धा असतो. दोन दिवसांची हजेरी बुडवून ते फुकट येतील ही अपेक्षा बरोबर नाही. दोन्ही दिवसांचा भत्ता आणि जेवण ठरवा, आणि भत्ता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातात द्या. गाड्या ठेकेदाराच्या असतील तर करारातच कलम घाला: शिबिराला न आलेला चालक आमच्या मुलांच्या गाडीवर बसणार नाही.

बोलावताना बदली चालकांना विसरू नका. नेहमीचे काका आजारी पडले की गाडी ज्याच्या हाती जाते, त्याला ना रूट माहीत असतो ना मुलं. शाळेच्या फाटकावरचा वॉचमनही हवा, कारण गाड्या मागेपुढे घेताना मुलांना तोच अडवतो. मालक आलेच पाहिजेत, निदान पहिल्या दिवशी दुपारी. पालक-शिक्षक संघातले चार-पाच पालकही बोलवा. दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस मुलं लागतील, त्यांच्या घरून लेखी संमती आणा.

शिकवायला माणसं शोधत फिरावं लागत नाही. २०११ च्या राज्याच्या स्कूलबस नियमांनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शाळा परिवहन समिती असते आणि तिच्यात परिवहन विभाग व वाहतूक पोलिसांचे प्रतिनिधी असतात. समितीच्या नावानंच पत्र द्या: आरटीओला मोटार वाहन निरीक्षकासाठी, नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्राला, आणि जवळच्या सरकारी दवाखान्याला प्रथमोपचार शिकवणाऱ्या परिचारिकेसाठी. आपण मेहरबानी मागत नाही, हे त्यांच्या कामाचाच भाग आहे. पत्र महिनाभर आधी गेलं तर माणूस येतो, दोन दिवस आधी गेलं तर शुभेच्छा येतात.

आधी कागद आणि डोळे

शिबिराच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक काकांची एक फाईल करा. लायसन्सवर वाहतूक गाडीची नोंद आहे ना, मुदत कधी संपते, पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला, वर्षभरातली चलनं. मावशींचाही पडताळणी दाखला घ्या. गाडीचं पासिंग बघा: नव्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी फिटनेस लागतो. आठ वर्षांच्या उंबरठ्यावरच्या गाडीत हमखास घोळ होतो, कारण मालकाच्या डोक्यात 'दोन वर्षं' बसलेली असतात.

चलनं का बघायची, तर त्यामागे मोठं दुःख आहे. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वझीराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुलं गेली. त्याच महिन्यात आणि पुढच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं शाळेच्या बसबद्दल आदेश दिले. जड गाडीचा किमान पाच वर्षांचा अनुभव, वारंवार नियम मोडणाऱ्याला मनाई, वेगळा गणवेश, या गोष्टी तिथून आल्या. काकांना हे सांगावं. अट कुठून आली ते कळलं की ती जाच वाटत नाही.

डोळ्यांची तपासणी मात्र शिबिरातच ठेवा, पहिल्या दिवशी सकाळी नावनोंदणीच्या वेळी. पन्नाशीच्या पुढच्या काकांमध्ये एखाद्याला लांबचा चष्मा लागलेला निघतोच, आणि तो लाजेनं किंवा नोकरी जाईल या भीतीनं लपवलेला असतो. आमच्याकडे असं आढळलं तर चष्म्याचा खर्च शाळा करते आणि काका गाडीवर राहतात. हे आधी जाहीर केलं म्हणूनच लोक तक्त्यासमोर उभे राहतात.

पहिला दिवस, सकाळ : फक्की आणि सहा बांबू

मैदान आखायची फक्की, सहा बादल्या, वाळू आणि साडेतीन फुटांचे सहा बांबू एवढंच सामान लागतं. बांबूची उंची पहिली-दुसरीतल्या पोराएवढी असावी. वरच्या टोकाला जुनी टोपी अडकवा.

बस मैदानात उभी करा आणि तिच्या चारही बाजूंनी दहा फुटांवर फक्कीची रेघ मारा. रेघेच्या आत आलेलं मूल चालकाला दिसेलच असं नाही, हे सगळ्यांना एकदा डोळ्यांनी बघू द्या. वाळू भरलेल्या बादल्यांत बांबू रोवून एक पुढच्या डाव्या कोपऱ्याशी, एक बरोबर नाकासमोर, एक दाराच्या मागे, एक मागच्या डाव्या चाकाशी, एक अगदी मागे आणि एक उजव्या बाजूला ठेवा. काका सीटवर बसतात आणि आरशांत बघून सांगतात, किती टोप्या दिसल्या. पहिल्या खेपेला सहाही मोजणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. बोनेटवाल्या गाडीत पुढचा आंधळा भाग मोठा असतो, चपट्या तोंडाच्या गाडीत कमी. पण डावा कोपरा दोन्हींत फसवतो, कारण काका बसतात उजवीकडे आणि मुलं चढतात-उतरतात डावीकडून.

मग आरसे नीट करून पुन्हा मोजायला सांगा. एक-दोन टोप्या वाढतात. त्यानंतर जी करतो ती गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. काकांना खाली उतरवून पुढच्या चाकापाशी उकिडवं बसवायचं, लेस बांधणाऱ्या पोरासारखं, आणि सीटवर दुसऱ्या काकांना बसवायचं. खालचे विचारतात, "दिसतोय का मी?" वरून उत्तर येतं, "नाही हो." तो चपटा डबा त्यानंतर कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

याच मैदानावर वेगही शिकवा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. फक्कीनं ११ मीटरची रेघ मारून काकांना तीवरून चालायला लावा. मोबाईलकडे एक सेकंद नजर गेली की एवढा रस्ता न बघता कापला जातो, आणि पाय ब्रेकवर जायचा अजून बाकीच असतो.

गाडी मागे घेण्याबद्दल आमचा नियम कडक आहे. मुलं खाली असताना रिव्हर्स नाही. जिथं रिव्हर्सशिवाय वळताच येत नाही तो स्टॉप बदलायचा.

मावशींचा तास

बहुतेक ठिकाणी मावशींना प्रशिक्षणात 'बसून घ्या' एवढंच सांगतात. माझ्या मते स्टॉपवर गाडी मावशींच्या ताब्यात असते. त्यांचा तास निम्म्या दिवसाचा असावा आणि त्यांनी तो उभं राहून करावा.

एसटीच्या कंडक्टरची डबल बेल सगळ्यांना माहीत आहे. तीच इथं आणा. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय दार उघडायचं नाही. आधी मावशी उतरतात, मग मुलं. उतरलेलं प्रत्येक मूल दहा फुटांच्या बाहेर गेलं, हे बघून मावशी वर चढतात, दार लावतात आणि डबल बेल देतात. बेल होईपर्यंत काकांचा पाय ब्रेकवर. मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो. आम्ही याचा सराव करताना मागे एक मोटारसायकलवाला मुद्दाम उभा करतो आणि त्याला सतत हॉर्न द्यायला सांगतो. घाई अंगात कशी शिरते ते तेव्हा कळतं.

रस्ता ओलांडायची वेळ येऊच नये यासाठी रूट असा लावा की मूल घराच्या बाजूलाच उतरेल. जमत नसेल तर मावशी हात धरून पलीकडे सोडतात आणि परत येईपर्यंत गाडी हलत नाही. पालकांना मी एकच गोष्ट हात जोडून सांगतो: रस्त्याच्या पलीकडून मुलाला हाक मारू नका. दिवसभरानं आई दिसली की पोर डावं-उजवं बघत नाही, धावत सुटतं. तुम्ही बसच्या बाजूला येऊन उभे राहा.

शेवटच्या ट्रिपनंतर गाडी रिकामी झाली का ते बघण्याचाही सराव घ्या. सकाळीच एका गाडीत शेवटच्या बाकाखाली गोधडीत गुंडाळलेलं दप्तर ठेवा आणि दुपारी मावशींना गाडी तपासायला सांगा. दारातून नजर टाकून "रिकामी आहे" म्हणणाऱ्या निम्म्या निघतात. लहान गटातली मुलं बाकावर झोपली की घरंगळून खाली जातात, आणि बंद गाडीत उन्हात ती किती वेळ तग धरतील याचा विचारही करवत नाही. म्हणून चालत शेवटच्या बाकापर्यंत जायचं, प्रत्येक बाकाखाली वाकून बघायचं. मागच्या काचेला आम्ही 'गाडी तपासली' अशी पाटी दोरीला अडकवलीय. ती उलटी केल्याशिवाय काका किल्ली काढत नाहीत.

दुपार : संकटकाळचं दार, आग, प्रथमोपचार

प्रत्येक गाडीचं संकटकाळी बाहेर पडायचं दार प्रत्येकानं स्वतःच्या हातानं उघडायचं. हे वाचायला सोपं वाटतं. आमच्या दुसऱ्या शिबिरात चौदा गाड्यांपैकी तीन गाड्यांची दारं उघडलीच नाहीत. एकाचा हँडल गंजला होता, दुसऱ्याच्या आतून जास्तीचा बाक ठोकलेला, तिसऱ्याला स्टेपनी टेकवून ठेवलेली. तिन्ही गाड्यांचं पासिंग झालेलं होतं. तिन्ही मालक तिथं हजर होते म्हणून दोन दिवसांत दुरुस्ती झाली. मालकांना पहिल्या दिवशी दुपारी बोलवायचं ते यासाठी.

आग लागली तर आधी मुलं, मग अग्निशामक. गाडीतला छोटा नळकांडा जेमतेम आठ-दहा सेकंद चालतो. त्यानं वाट मोकळी करायची, गाडी वाचवायची नाही. पिन ओढा, नळीचं तोंड ज्वाळांच्या बुडाशी धरा, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. अग्निशमन दलाला विनंती केली तर ते पत्र्याच्या ट्रेमध्ये आग पेटवून प्रत्येकाला एकदा विझवू देतात. ते कराच. नळकांड्यावरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे बघायची सवय त्यातूनच लागते.

प्रथमोपचारात फार पसरू नका. मुलांच्या बसमध्ये खरोखर घडणाऱ्या चार गोष्टी घ्या: घशात काही अडकणं, फीट येणं, रक्तस्राव, आणि श्वास थांबणं. अडकलं असेल आणि मूल खोकू शकत नसेल, तर पाठीवर पाच थापा आणि पोटावर पाच झटके. श्वास थांबला तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, दर ३० दाबांनंतर दोन श्वास. ते बाहुलीवर परिचारिकेच्या देखरेखीखालीच शिकायचं, माझ्या लेखावरून नव्हे. १०८ आणि ११२ हे नंबर गाडीत काचेवर मोठ्या अक्षरात रंगवा.

ज्याबद्दल कोणी बोलत नाही

पहिल्या दिवसाचा शेवटचा तास दार लावून, पाहुण्यांशिवाय घ्या. मुलांना स्पर्श, बोलणं, फोटो, मोबाईल. काकांनी मुलाला मांडीवर घ्यायचं नाही, एकट्या मुलाबरोबर गाडी चालवायची नाही, मुलींचे नंबर स्वतःच्या फोनमध्ये ठेवायचे नाहीत. गाडीत मुली असतील तर महिला सहायक हवीच. अशी सक्ती राज्याच्या नियमांतच आहे. पहिल्या स्टॉपपासून शेवटच्या मुलीपर्यंत ती गाडीत असली पाहिजे, मधल्या वाटेवर उतरून घरी जायचं नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं, गैरप्रकाराची माहिती असून न कळवणं हाही गुन्हा आहे. ते स्पष्ट शब्दांत सांगा. चाइल्डलाइनचा १०९८ नंबर सगळ्यांकडून मोबाईलमध्ये टाकून घ्या.

हा तास घेताना मला एक धास्ती वाटायची: प्रामाणिक माणसांना संशयाची वागणूक दिल्यासारखं होईल. एका काकांनीच ती घालवली. ते म्हणाले, "सर, नियम असला की आमच्यावरही आळ येत नाही."

दुसरा दिवस : रूटवर

सकाळी प्रत्येक गाडी आपापल्या रूटवर जाते. आत मुलं नाहीत. एक पालक, एक शिक्षक, आणि तो रूट चालवू शकेल असा बदली चालक. प्रत्येक स्टॉपवर उतरून बघायचं: गाडी उभी राहिल्यावर मागून येणाऱ्या ट्रकला ती किती लांबून दिसते, मुलांना उभं राहायला जागा आहे का, गटाराचं झाकण उघडं आहे का, वरून विजेची तार लोंबते का. कागदावर स्टॉपचं नाव आणि धोका एका ओळीत लिहा. दुपारी परत आल्यावर चहाच्या आधीच काय बदलायचं ते ठरवा, नंतर राहून जातं.

पावसाळ्याचं याच फेरीत बघा. रूटवरचे ओढे, फरशीचे पूल, दरड येणारी वळणं नकाशावर लाल करा. महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बस प्रवाशांसकट त्यात गेल्या, हे कोकणात कोणी विसरलेलं नाही. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. पाणी घोटाभर दिसतंय म्हणूनही नाही, कारण खालचा रस्ता शाबूत आहे की नाही ते वरून दिसत नाही.

हे काकांना मान्यच असतं. अडचण फोनची असते. "बाकीच्या गाड्या गेल्या, तुम्हीच कसे थांबलात?" असा फोन शाळेतून, मालकाकडून किंवा पालकाकडून येतो आणि माणूस कचरतो. म्हणून मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र प्रत्येक गाडीत ठेवा: रस्ता असुरक्षित वाटल्यास थांबण्याचा निर्णय चालकाचा, त्याबद्दल पगार कापला जाणार नाही, कोणी जाब विचारणार नाही. आमच्या गाड्यांत ते प्लास्टिकमध्ये घालून स्टिअरिंगच्या बाजूला लावलेलं असतं.

दुपारी मुलं येतात आणि गाडी रिकामी करण्याचा सराव होतो. दप्तरं जागेवर सोडायची. मागच्या दारातून उडी मारायची नाही, काठावर बसून घसरायचं. खाली आठवी-नववीतली दोन मुलं हात द्यायला. बाहेर आल्यावर रस्त्यापासून आत, जोड्या करून उभं राहायचं, आणि मावशींनी यादी घेऊन मोजायचं. वेळ घड्याळावर लावा, पण शर्यत होऊ देऊ नका.

शेवटी परीक्षा, लेखी नको. प्रत्येक जोडीनं, म्हणजे काका आणि मावशी मिळून, एक स्टॉप पूर्ण करून दाखवायचा: थांबणं, दार, मुलं, दहा फूट, डबल बेल. चुकलं तर पुन्हा. प्रमाणपत्र सगळ्यांसमोर, घरच्यांना बोलावून द्या.

बाहेर शिकायला पाठवायचं तर

दर वर्षी दोघांना बाहेर पाठवा. पुण्याजवळ भोसरीला १९६७ पासून सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आहे, तिथल्या चालक-प्रशिक्षणाची चौकशी करा. जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा मोहिमेत आरटीओ आणि पोलिसांचे कार्यक्रम असतात, त्यांचंही आमंत्रण मागून घ्या. बसमालकांच्या राष्ट्रीय संघटनेचं 'प्रवास' नावाचं प्रदर्शन २०१७ मध्ये वाशीला भरलं होतं, २०२४ मध्ये बंगळुरूला. अशा ठिकाणी मालक एकटे जातात आणि पिशवीभर माहितीपत्रकं आणतात. बरोबर एक काका आणि एक मावशी न्या. विक्रेत्याला विचारायचे प्रश्न तेच विचारतील: हा कॅमेरा पावसात धूसर होतो का, मागचा आवाज आत ऐकू येतो का, बिघडला तर आमच्या तालुक्यात दुरुस्त कोण करणार. जीपीएस विकणाऱ्याला पडद्यावरचं चित्र नको, चालू गाडी दाखवा म्हणावं. आणि त्या दिवशी काहीही खरेदी करू नका, परत येऊन समितीसमोर बोला.

शिबिरानंतरची वही

जूनमधलं शिकलेलं गणपतीपर्यंत टिकतं, पुढे विरतं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारची ट्रिप संपल्यावर वीस मिनिटं सगळे फाटकापाशी जमतात. मधे एक वही असते. तिच्यात 'थोडक्यात वाचलं' असे प्रसंग ज्याचे त्यानं लिहायचे, लिहिता येत नसेल तर वॉचमन लिहून घेतो. नाव टाकायची सक्ती नाही आणि वहीतल्या कुठल्याही नोंदीवरून कोणाला शिक्षा नाही. पहिले चार महिने ती कोरी राहिली. मग एका मावशींनी, दार लावताना एका मुलाची बोटं चिमटली असती, असं लिहिलं, आणि त्यांना कोणी काही बोललं नाही हे बघून बाकीचे लिहू लागले.

एकाच स्टॉपच्या तीन नोंदी झाल्या की स्टॉप बदलतो. गेल्या पावसाळ्यात पेट्रोल पंपासमोरच्या स्टॉपवर, बसच्या डाव्या बाजूनं आत शिरणाऱ्या मोटारसायकलींच्या तीन नोंदी आल्या. आम्ही तो ऐंशी पावलं मागे, देवळाच्या ओट्यापाशी नेला. पालकांची थोडी कुरकुर झाली, दोन घरांना लांब पडतं म्हणून. त्या दोन घरांतल्या मुलांना मावशी आता ओट्यापासून दारापर्यंत सोडून येतात, आणि तेवढा वेळ गाडी उभी असते.